मिक्सरच्या ब्रशांविषयी घटना-अहवाल

यारंडू पुरुष शेड (निवृत्त पुरुषांची हौशी कार्यशाळा). घटना-अहवाल. स्वच्छ अक्षरात भरावा. एका घटनेस एकच अर्ज.

रकाना १. अहवाल देणाऱ्याचे नाव: मर्व्हिन नॅन्किव्हेल.

रकाना २. सभासद क्रमांक: १४. (रेक्स, क्रमांक तूच दिलास. शेडचा सेक्रेटरी तू, आणि आत्ता माझ्या शेजारी बसला आहेस. तरी लिहितो.)

रकाना ३. घटनेतील यंत्र: मिक्सर. स्वयंपाकघरातला, उभा, दोन काट्यांचा. खाली काचेचं भांडं, तेही काट्यांबरोबर गोल फिरतं. मालक: माझी पत्नी लॉरेल. 'मालक' या शब्दाखाली दोन रेघा मी मारलेल्या नाहीत. अर्ज दोन मिनिटं तिच्या हातात होता.

रकाना ४. घटनेचे थोडक्यात वर्णन (तीन ओळी):
मंगळवारी मिक्सर बंद पडला.
मी म्हणालो, मी करतो.
पुरवणी जोडली आहे.

पुरवणी

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास लॉरेलने सरावाचा स्पंज केक करायला घेतला. सहा अंडी, साखर, मिक्सर वेगाच्या तिसऱ्या खाचेवर. दोन मिनिटांत मिक्सरने आवंढा गिळल्यासारखा आवाज काढला, पाठीच्या जाळीतून निळी ठिणगी दिसली आणि तो थांबला. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. लॉरेल ओरडली नाही. लॉरेल कधीच ओरडत नाही. हे नोंदवायला हवं, कारण पुढे ती एकदा ओरडली.

"मर्व्ह, हा गेला," ती म्हणाली.

"मी करतो," मी म्हणालो.

शनिवारी शेतकी प्रदर्शन होतं. केक सकाळी नऊच्या आत टेबलावर पोचावा लागतो. नऊ वाजून एक मिनिटाने आलेला मुरंबा गेल्या वर्षी परत पाठवला होता, आणि तो प्रदर्शनाच्या अध्यक्षांच्या आईचा होता. स्पंज केकमध्ये लॉरेल सलग सहा वर्षं दुसरी आली आहे. आमच्या कपाटात सहा लाल फिती आहेत. निळ्या, म्हणजे पहिल्या नंबराच्या, सहाच्या सहा समोरच्या घरात, थेल्मा ट्रेलोरच्या खिडकीत, रस्त्यावरून दिसतील अशा टांगलेल्या आहेत. यंदा परीक्षक ॲडलेडहून येणार होत्या, म्हणजे थेल्माच्या नात्यातल्या नसणार होत्या. लॉरेल आठवडाभर अंडी उजेडात धरून निवडत होती.

हाताने फेटायचं म्हटलं तर हिवाळ्यात तिच्या मनगटाचं ऑपरेशन झालेलं. मी फेटतो म्हणालो, तर तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. 'मी करतो' हे दोन शब्द त्या घरात नुकतेच एकदा वापरून झाले होते.

पलीकडचा स्पिरो कुंपण रंगवत होता. त्याला न सांगताच सगळं कळतं.

"नवा आण रे," तो म्हणाला. "एकोणचाळीस डॉलरला मिळतो. जुन्यात काय जीव अडकलाय?"

"तिसरी खाच माझ्या हाताला माहीत आहे," लॉरेल म्हणाली. "नव्याला बटणं असतात."

स्पिरोने उरलेलं कुंपण खाली मान घालून रंगवलं.

उसना मिक्सर मिळाला असता. थेल्माने आनंदाने दिला असता. तोच तर प्रश्न होता.

बुधवारी मी मिक्सर टॉवेलात गुंडाळून शेडमध्ये आणला. दहा वाजले होते, म्हणजे चहा. चहाच्या वेळी शेडमध्ये कुणी हत्यार उचलत नाही आणि आयव्हर पास्को तर दोन शब्दांच्या वर बोलत नाही. (आयव्हर, वय एक्क्याऐंशी. खाणीत माणसं खाली-वर नेणारा पाळणा ओढणाऱ्या यंत्रावर चाळीस वर्षं इलेक्ट्रिशियन. रेक्स, तुला माहीत आहे, पण विमा कंपनीला माहीत नसेल.) आयव्हरने मिक्सरची पाठ हुंगली, काटा हाताने अर्धा फिरवला, बिस्किट चहात बुडवलं.

"ब्रश गेलेत," तो म्हणाला.

"अर्थातच," मी म्हणालो.

तो 'अर्थातच' मला फार महागात पडला. कारण एकदा 'अर्थातच' म्हटल्यावर 'कसले ब्रश?' असं विचारता येत नाही. मी टोपी घातली आणि तडक हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

"मिक्सरचे ब्रश द्या," मी म्हणालो.

"मिक्सरचे?" काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. "घासायचे की लावायचे?"

"दोन्ही," मी अनुभवी चेहऱ्याने म्हणालो.

मी शेडमध्ये परतलो तेव्हा माझ्या पिशवीत बाटल्या धुवायचा एक ब्रश आणि पावाला लोणी लावायचा एक ब्रश होता. ते मी आयव्हरसमोर टेबलावर ठेवले. पुढचं वर्णन करण्याची गरज नाही. अकरा सभासद साक्षीदार आहेत आणि एकाच्या नाकातून चहा आला.

रकाना ७. दुखापत झाली असल्यास शरीराच्या आकृतीवर खूण करा: आकृतीत तो भाग छापलेला नाही.

(रकाना ५ आणि ६ मागून भरतो. त्यांची वेळ अजून आलेली नाही.)

हसून झाल्यावर आयव्हरने मिक्सरच्या दोन्ही कुशींतल्या टोप्या काढल्या. आतून दोन काळे तुकडे निघाले. प्रत्येकाच्या मागे बारीक स्प्रिंग.

"हा ब्रश," तो म्हणाला.

"हा कोळसा आहे."

"कोळसाच आहे."

"मग केस कुठे आहेत याचे?"

"पूर्वी होते. तांब्याच्या तारांची जुडी असायची. मग लोक शहाणे झाले, कोळसा वापरायला लागले. नाव तेवढं मागे राहिलं. तुला नाही का अजून 'करखात्यातला मर्व्ह' म्हणतात?"

मग त्याने मोटर उघडून आतला तांब्याचा दंडगोल दाखवला. एकसंध नाही, तांब्याच्या उभ्या पट्ट्यांचा. दर दोन पट्ट्यांमध्ये बारीक फट. याला म्हणतात कम्युटेटर.

"आतला गोळा फिरतो," आयव्हर म्हणाला. "फिरत्या वस्तूला वीज कशी देशील? तार जोडलीस तर ती गुंडाळून तुटेल. म्हणून ब्रश नुसता टेकवायचा. तो जागचा हलत नाही, तांबं त्याच्याखालून सरकत राहतं. मागून स्प्रिंग ढकलते. झिजला की पुढे सरक, झिजला की पुढे सरक. संपेपर्यंत."

"आणि या फटी कशाला?"

"गोळ्यातल्या गुंडाळीला वीज मिळाली की चुंबक तिला ओढतो. ती त्याच्यासमोर पोचली की काय होईल?"

"थांबेल."

"तिथेच चिकटून बसेल, एकदाची पोचले म्हणून. मग तुझ्या बायकोचा केक कोण फेटणार? म्हणून ती पोचायच्या नेमक्या आधी पट्टी बदलते. वीज उलट दिशेने. जो ओढत होता तोच ढकलायला लागतो. बिचारी पुन्हा पळते. दर अर्ध्या फेरीला हेच."

आणि रेक्स, त्या क्षणी मला सगळं कळलं. लख्ख. कौन्सिलच्या करखात्यात एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं? माणूस पहिल्या खिडकीकडे येतो. तो पोचणार इतक्यात ती खिडकी बंद करायची आणि तिसरी उघडायची. तो तिसरीकडे वळतो. तिथे सांगायचं, पहिल्या खिडकीचा शिक्का आणा. माणूस कुठेच पोचत नाही, पण थांबतही नाही. कौन्सिल त्या जोरावर चालते. हे मी आयव्हरला सांगितलं.

आयव्हरने हातातलं बिस्किट खाली ठेवलं. "माझ्या गॅरेजची परवानगी," तो म्हणाला. "दोन वर्षं. आत्ता कळलं."

यानंतर त्याने ब्रश नखाशेजारी धरून मापला आणि विचारलं, "हे किती वर्षं असे आहेत?"

"म्हणजे?"

"नवा असतो तेव्हा एवढा असतो. हा नखाएवढा राहिलाय. स्प्रिंगला जोर पुरत नाही, ब्रश धड टेकत नाही. यंत्र चालतं, पण अर्ध्या जिवाने. पाच-सहा वर्षं तरी."

मी तेव्हा मान डोलावली. माझं लक्ष बिस्किटाच्या डब्याकडे होतं.

आता टॅगचा, म्हणजे वीज-तपासणीच्या चिठ्ठीचा भाग, म्हणजे तुझा भाग. तुझे शब्द मी जसेच्या तसे देतो.

"त्याला टॅग कुठाय?" तू विचारलंस.

"बंद आहे तो, रेक्स."

"शेडमध्ये विजेची कुठलीही वस्तू हिरव्या टॅगशिवाय प्लगला लावायची नाही. नियम अकरा."

"मग टॅग लाव."

"बंद वस्तूला टॅग मिळत नाही. तपासणीला वस्तू चालू असावी लागते."

"चालू करायची तर प्लगला लावून बघावी लागेल."

"टॅगशिवाय नाही."

"टॅगवाला कधी येतो?"

"पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी."

(इथे समासात पेन्सिलीने, रेक्सच्या अक्षरात: नियम अकरा नाही, बारा.)

आयव्हर म्हणाला, शेडमध्ये एक मेलेलं ड्रिल पडलंय, त्याचे ब्रश मोठे आहेत, ते कानशीने घासून बसतील, शुक्रवारपर्यंत देतो. तोवर मी फक्त तांबं काचपेपरने हलक्या हाताने पुसावं. 'हलक्या हाताने' हे तो दोनदा म्हणाला.

पण रेक्स, बाटलीच्या ब्रशानंतर मला काहीतरी भरीव करून दाखवणं भाग होतं. संध्याकाळी व्हरांड्यात बसून मी ते तांबं पाहिलं तर तपकिरी, कळकट. मी भांडी घासायची तारेची घासणी घेतली. वर पितळेचं पॉलिश. एक तास. शेवटी त्यात माझा चेहरा दिसायला लागला आणि तो समाधानी होता. मग जुनेच ब्रश परत घातले, स्प्रिंगा ताणून लांब केल्या, सगळं बंद केलं. मनात म्हटलं, शुक्रवारपर्यंत कोण थांबतो.

रकाना ५. घटनेचे ठिकाण: शेड नाही. शेजारचा हॉल. हॉलची कमिटी वेगळी आहे, त्यामुळे तुझा नियम अकरा किंवा बारा भिंतीच्या अलीकडेच संपतो. हे मी आधी तपासलं होतं. एकतीस वर्षं वाया जात नाहीत.

गुरुवारी सकाळी हॉलमध्ये महिला मंडळ प्रदर्शनाच्या तयारीला जमलं होतं. चहाचा बंब उकळत होता, फ्रीजरमध्ये चाळीस डझन मांसाच्या करंज्या होत्या, लॉरेल मुरंब्याच्या बरण्यांना चिठ्ठ्या लावत होती. थेल्मा ट्रेलोर खुर्च्या मोजत होती. मी मिक्सर मधल्या टेबलावर ठेवला.

"दुरुस्त झाला?" थेल्माने विचारलं.

"अर्थातच," मी म्हणालो. माणूस शिकत नाही.

मी प्लग लावला आणि तिसऱ्या खाचेवर नेला.

पहिला सेकंद मिक्सर गायला. मग त्याच्या जाळीतून निळ्या आगीचं कडं दिसायला लागलं. ठिणगी नाही, पूर्ण गोल कडं, गॅसच्या शेगडीसारखं. तारेच्या घासणीचे बारीक तुकडे फटींत अडकले होते. ज्या पट्ट्यांनी एकमेकींना शिवायचं नसतं, त्या सगळ्या एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. मी हे पाहत तसाच उभा राहिलो, एक हात मिक्सरवर.

"मर्व्ह! हात काढ!"

लॉरेल ओरडली ती हीच वेळ.

मग धाडकन आवाज झाला आणि सगळा हॉल अंधारला. बंबाचं उकळणं थांबलं. फ्रीजरची घरघर थांबली. जळक्या वासात कुणीतरी म्हणालं, "करंज्या!" लॉरेलने माझा हात उलटा-पालटा करून पाहिला, बोटं मोजल्यासारखी दाबली. मग हळू आवाजात म्हणाली, "आता शनिवारचं काय रे?"

मी अंधारात टोपी चाचपायला लागलो.

हॉलच्या विजेच्या पेटीला कुलूप होतं आणि किल्ली कौन्सिलमध्ये. मी तासाभरात परततो असं करंज्यांना सांगून निघालो.

पहिल्या खिडकीवर, माझ्याच खुर्चीत, टॅमसिन नावाच्या नव्या बाई होत्या. "हॉलची किल्ली तिसऱ्या खिडकीवर," त्या म्हणाल्या. तिसऱ्या खिडकीवर सांगितलं, हॉल कमिटीचं पत्र हवं, ते दुसरीवर नोंदवून आणा. दुसरी जेवायला गेली होती. पहिलीवर परत गेलो तर टॅमसिनबाई म्हणाल्या, अर्ज तिसरीचा आहे. मी तिसरीकडे पोचणार इतक्यात ती बंद झाली. मी त्या फरशीवर गोल फिरत होतो, आणि फरशीवरची झीज पाहून कळलं की ही वाट माझ्याच काळात पडली आहे.

पाचव्या फेरीला मी टॅमसिनबाईंसमोर थांबलो. "बाई, ही पद्धत मीच बसवली," मी म्हणालो. "आता मला तिच्यातून सोडवा."

त्यांनी मागे हात करून खिळ्यावरची किल्ली काढून दिली. "तुम्ही आधी मागितली नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही प्रक्रिया विचारलीत."

करंज्या वाचल्या. (रकाना ६. मालमत्तेचे नुकसान: एक पाकीट बिस्किटं, अंधारात कोणीतरी संपवली.)

शुक्रवारी दुपारी आयव्हरने मोटर उघडली आणि चमचमतं तांबं पाहून डोळे मिटून घेतले.

"कम्युटेटर चकाकायचा नसतो रे, गाढवा. चॉकलेटी दिसायला हवा. तो रंग वर्षानुवर्षं ब्रश घासून येतो. तो म्हणजे त्याची कमाई. तू एका तासात सगळी घासून टाकलीस."

करवतीच्या पात्याच्या टोकाने त्याने एकेक फट कोरून साफ केली. ड्रिलचे ब्रश कानशीने छाटले. तांब्याभोवती काचपेपर गुंडाळून, गोळा पुढे-मागे फिरवत ब्रशांच्या तोंडांना तांब्याची गोलाई दिली. नवा ब्रश सपाट असतो, त्याला आधी टेकायला शिकवावं लागतं, असं तो म्हणाला. चार वाजले. डोळे चोळत त्याने मिक्सर माझ्याकडे सरकवला.

"त्या दोन तारा तेवढ्या तू जोड," तो म्हणाला. "लाल डाव्या ब्रशाला."

मी जोडल्या. आयव्हरची डावी बाजू म्हणजे समोर बसलेल्या माझी उजवी, हे मला आज हा अहवाल लिहिताना कळतं आहे.

घरी पाच वाजता ओव्हन तापलेला होता. सहा अंडी भांड्यात, मैदा तीनदा चाळलेला. मी दाराशी उभा राहिलो. लॉरेलने हात पुसला आणि तिसरी खाच लावली.

मिक्सर चालला. आणि भांडं उलटं फिरायला लागलं.

चाळीस वर्षं ते घड्याळासारखं फिरत आलं होतं. आता डावीकडे, जणू झालेलं सगळं परत मागे घ्यायला निघालं होतं. मी धावलो.

"थांब, थांब! तारा बदलतो. ब्रशाच्या तारा अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते, आयव्हरने सांगितलंय. दहा मिनिटं दे."

"मर्व्ह," लॉरेल म्हणाली, "अंडी भांड्यात आहेत. ओव्हन तापलाय. तू आत्ता याला बोट लावलंस तर उद्या टेबलावर मी तुला ठेवीन."

मी बोट लावलं नाही. आणि मग मी तो आवाज ऐकला. बारीक, उंच, न अडखळणारा. मिक्सरचा हा आवाज मी पूर्वी ऐकला होता, पण केव्हा ते आठवेना. मिश्रण फिकं होत, फुगत काठापर्यंत आलं. लॉरेल वाकून बघत होती. तिचे ओठ नुसते हलत होते.

शनिवारी आम्ही आठ चाळीसला केक टेबलावर ठेवला. ॲडलेडच्या परीक्षकबाईंनी एका बोटाने तो दाबला. केक परत वर आला. त्यांनी पुन्हा दाबला, मला वाटतं स्वतःच्या आनंदासाठी. निळी फीत लॉरेलला, लाल थेल्माला.

संध्याकाळपर्यंत गावभर एकच गोष्ट झाली: नॅन्किव्हेलांचा मिक्सर उलटा फिरतो, म्हणून केक असा झाला. लॉरेल स्वतः सांगत होती. "मर्व्हने केलं ते. उलटा करून दिला मला." माझ्या दंडावर हात ठेवून, चारचौघांत. हे लग्नानंतर दुसऱ्यांदा झालं.

आयव्हर माझ्या कानाशी आला. "काट्यांना उलट-सुलट काय कळतंय? मोटरला पूर्ण वेग मिळाला, एवढंच. ब्रश नवे ना."

आणि तिथे, केकच्या टेबलाशी, मला बिस्किटाचा डबा आठवला. पाच-सहा वर्षं तरी, तो म्हणाला होता. मी बोटांवर मोजलं. सहा लाल फिती. सहा वर्षं मिक्सर अर्ध्या जिवाने चालत होता, आणि माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीपासून आठ पावलांवर. त्या दोन टोप्या काढून आत बघायला स्क्रू ड्रायव्हर आणि पाच मिनिटं पुरली असती.

रकाना ८. मूळ कारण (एकच लिहावे):

रेक्स, हा रकाना मी रिकामा ठेवला आहे. खरं कारण या पुरवणीत आहे, जी मी लॉरेलला दाखवलेली नाही आणि तू आत्ता वाचतो आहेस. लॉरेलला सांगायचं म्हणून मी रविवारी दोनदा स्वयंपाकघरात गेलो. दोन्ही वेळा ती भांडं नुसतं फिरवून बघत होती, डावीकडे. मी चहा मागून परत आलो.

रकाना ९. पुन्हा घडू नये म्हणून केलेले उपाय:

आज सकाळी दारावर थाप पडली. थेल्मा ट्रेलोर. काखेत टॉवेलात गुंडाळलेला मिक्सर. आमच्यासारखाच, त्याच सालचा.

"बिघडलेला नाही हं," ती म्हणाली. इकडे-तिकडे बघत. "नुसता उलटा करून दे. लॉरेलला सांगू नकोस."

मी व्हरांड्यात तो उघडला. आधी टोप्या काढून ब्रश बाहेर घेतले. नखाएवढेसुद्धा उरले नव्हते. लॉरेल आत भांडी लावत होती, खालच्या आवाजात काहीतरी गुणगुणत. मी ब्रश टॉवेलाला पुसले.

मग ते होते तसेच परत घातले, तारांची अदलाबदल केली आणि मिक्सर टॉवेलात गुंडाळून दिला. थेल्माने उलटा मागितला होता, मी उलटा करून दिला. ब्रशांबद्दल तिने काही विचारलं नाही.

सही: म. नॅन्किव्हेल